जेसिका फ्लेचरला 12 वर्षांत एकही खुनी हरवू शकला नाही, तिला हरवलं ते जाहिरातीच्या गणितानं

इंटरनेटवर एक फॅन थिअरी आहे, कितीही वेळा खोडून काढली तरी परत येते. थिअरी अशी की, जेसिका फ्लेचर नावाची बाई ही टीव्हीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी सिरीयल किलर आहे. पुरावा काय? ती लग्नाला जाते, तिथं खून. पुस्तकाच्या कार्यक्रमाला जाते, तिथं खून. पुतण्याला भेटायला जाते, तर तिथंही खून आणि वर पोलीस पुतण्यालाच उचलतात. दरवेळी ही बाई शांतपणे येते, चार जणांशी गप्पा मारते, पाचव्याला खुनी म्हणून पकडून देते आणि हसत हसत घरी जाते. मग तिच्यावर आजवर कुणालाच संशय कसा आला नाही?

आता ही जेसिकाबाई काही खरी नाही. 'मर्डर, शी रोट' या अमेरिकन मालिकेची ती नायिका. 30 सप्टेंबर 1984 ला ही मालिका सीबीएस चॅनेलवर सुरू झाली आणि 19 मे 1996 ला संपली. 12 सीझन, 264 भाग, आणि मालिका संपल्यावरही मन भरेना म्हणून चार टीव्ही फिल्म. जेसिकाचं काम केलं होतं अँजेला लॅन्सबरी यांनी.

आपल्याकडची एक अख्खी पिढी 'सीआयडी' बघत मोठी झाली. तिथं दया दरवाजा तोडू शकतो, कारण तो पोलीस आहे. जेसिकाकडं ना बॅज, ना बंदूक, ना दरवाजा तोडायची ताकद. नवरा वारलेला, इंग्रजी शिकवायचं काम मागं पडलेलं, मूलबाळ नाही. कार तर चालवताच येत नाही, गावात सायकलवरून फिरते. अशा बाईला मध्यभागी ठेवून अमेरिकेनं 12 वर्षं रविवारची रात्र घालवली. आणि मालिका लोकांना कंटाळा आला म्हणून बंद पडली नाही. ती बघणाऱ्यांचं वय जास्त आहे, म्हणून बंद पडली. ही भानगड नीट समजून घ्यायची तर सुरुवातीपासून बघावं लागेल.

'कोलंबो'वाल्यांनी दुसरा डाव टाकला

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक ही लेखकांची जोडी. चुरगळलेला रेनकोट घालून फिरणारा आणि जाता जाता "अजून एकच प्रश्न" म्हणत परत वळणारा 'कोलंबो' हा डिटेक्टिव्ह याच दोघांचा. 'कोलंबो'मध्ये खुनी कोण हे सुरुवातीलाच कळायचं, मजा असायची ती तो कसा सापडतो यात. त्यानंतर त्यांनी 1975 मध्ये 'एलरी क्वीन' ही मालिका केली. हा एलरी स्वतः रहस्यकथांचा लेखक, आणि इथं खुनी शेवटीच कळायचा. तीही मालिका चांगली होती, पण एका सीझनमध्येच गुंडाळली गेली. तिच्यावर या दोघांसोबत पीटर फिशर यांनीही काम केलं होतं.

1984 मध्ये हेच तिघं परत एकत्र आले. फॉर्म्युला 'एलरी क्वीन'चाच होता, फक्त तरुण लेखकाच्या जागी पन्नाशी ओलांडलेली लेखिका आली. या बदलाच्या मागं अर्थातच अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल उभी होती. मिस मार्पल म्हणजे इंग्लंडमधल्या छोट्या खेड्यात राहणारी, स्वेटर विणत बसणारी, पण माणसं बरोबर ओळखणारी म्हातारी. मालिकेचं नावही तिकडूनच आलं. 1961 मध्ये मिस मार्पलवर 'मर्डर, शी सेड' नावाचा सिनेमा आला होता. त्यातला 'ती म्हणाली' बदलून 'तिनं लिहिलं' केलं, कारण ही बाई लेखिका.

गंमत म्हणजे लॅन्सबरी यांनी 1980 च्या 'द मिरर क्रॅक्ड' या सिनेमात स्वतः मिस मार्पलचं काम केलेलं होतं. तरी जेसिकासाठी पहिली पसंती त्या नव्हत्या. भूमिका आधी जीन स्टेपलटन यांना देऊ केली होती. 'ऑल इन द फॅमिली' या गाजलेल्या मालिकेतल्या एडिथ त्या हीच. त्यांनी नकार दिला आणि मग फोन लॅन्सबरींकडं गेला.

पहिल्याच भागाचं नाव होतं 'द मर्डर ऑफ शेरलॉक होम्स'. जेसिकानं वेळ घालवायला म्हणून एक रहस्यकथा लिहून ठेवलेली असते. पुतण्या ग्रेडी ते हस्तलिखित तिच्या नकळत पुढं सरकवतो, पुस्तक निघतं आणि तुफान खपतं. बाई न्यूयॉर्कला जाते. प्रकाशकाच्या घरी वेशभूषेची पार्टी असते आणि स्विमिंग पूलमध्ये शेरलॉक होम्सच्या कपड्यातला एक मृतदेह सापडतो. पोलीस ग्रेडीला पकडतात. पुतण्याला सोडवायला काकू कामाला लागते, आणि शेवटी खुनी निघतो तो तिचा प्रकाशक. ज्या माणसाबद्दल नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच तिच्या मनात काहीतरी हललं होतं, तोच. 40 वर्षांपूर्वीचा भाग आहे, त्यामुळं स्पॉयलर दिल्याबद्दल कुणी रागावू नये.

मालिका पुढं 12 वर्षं हलकीफुलकी म्हणून ओळखली गेली, पण सुरुवात अशी होती. जेसिका खुनी शोधते तेव्हा बऱ्याचदा ओळखीचं, आवडीचं एक माणूस गमावते.

बॅज नसलेल्या बाईशी लोक बोलतात कशाला?

हौशी डिटेक्टिव्हची मालिका लिहायला घेतली की लेखकापुढं काही अडचणी हमखास उभ्या राहतात. पोलीस असेल तर प्रश्नच नाही, खून झाला की फोन येतो आणि गाडी निघते. पण लेखिका घटनास्थळी पोहोचली कशी? एकदा योगायोग चालतो, 264 वेळा कसा चालणार?

'मर्डर, शी रोट'नं यावर जे उपाय काढले ते बघितले तर हसू येतं. एक म्हणजे नातेवाईक. जेसिकाला स्वतःचं मूल नाही, पण पुतणे, भाच्या, भाचेजावई, जुन्या मैत्रिणींच्या मुली यांचा काही अंतच नाही, आणि यातलं कोण ना कोण सतत खुनाच्या आरोपात अडकलेलं. ग्रेडी बिचारा तर इतक्यांदा अडकला की त्याला नोकरी कोण देतं हेच एक रहस्य आहे. दुसरा उपाय पुस्तकांचा. लेखिका आहे म्हटल्यावर तिला कुठंही नेता येतं. सिनेमाच्या सेटवर, नाटकाच्या तालमीला, परदेशातल्या परिषदेला. बाकी वेळा जुने मित्र चहाला बोलावतात आणि चहा संपायच्या आत कुणीतरी गचकतं.

पुढचा प्रश्न, लोक तिला सगळं सांगतात का? मालिकेची खरी ताकद इथं आहे. पोलीस समोर आला की माणूस तोंड बंद करतो. पण शेजारी येऊन बसलेल्या, कौतुकानं विचारपूस करणाऱ्या काकूंपुढं तोच माणूस घडाघडा बोलतो. ज्यांना सोसायटीतल्या काकूंच्या चौकशांचा अनुभव आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. खुनी हुशार असतात, श्रीमंत असतात, आणि या बाईला ते हलक्यात घेतात. तिनं काही पाहिलं असेल, लक्षात ठेवलं असेल असं त्यांना वाटतच नाही. प्रत्येक भागात ते याच एका चुकीपायी पकडले जातात.

भागाची रचनाही ठरलेली. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत एक माणूस चार-पाच जणांशी भांडून घेतो, म्हणजे मरणार कोण हे प्रेक्षकाला कळतं. तो मरतो. पोलीस चुकीच्या माणसाला धरतात. जेसिका फिरत राहते, आणि मग शेवटच्या टप्प्यात कुणीतरी अगदी फालतू काहीतरी बोलून जातं, दिव्याच्या बटणाबद्दल किंवा डाव्या हाताच्या घड्याळाबद्दल. ती थबकते. कॅमेरा चेहऱ्यावर जातो. तिला कळलेलं असतं, आपल्याला अजून नाही. हा धागा आधी पडद्यावर दाखवलेला असतो, त्यामुळं फसवलं गेल्याची भावना येत नाही, आपलं लक्ष नव्हतं एवढंच. मग सापळा, कबुली, आणि जेसिकाच्या हसऱ्या चेहऱ्यावर चित्र गोठतं.

अनेक भागांचं रहस्य फार कठीण नसायचं, हेही कबूल करायला हवं. पण घरातली आजी आणि नातू एकत्र बसून पैज लावू शकतील इतपत ते सोपं असणं, हाच तर रविवारच्या मालिकेचा उद्देश.

साडेतीन हजार वस्तीचं गाव आणि मृतदेहांची रांग

जेसिकाचं गाव केबट कोव्ह. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे, तिथल्या समुद्रकाठचं हे कोळ्यांचं काल्पनिक गाव. मालिकेत लोकसंख्या सांगितली होती 3,560. डॉक्टर सेथ हॅझलिट हे तिचे बुद्धिबळातले आणि वादावादीतले जोडीदार. शेरीफ आधी एमोस टपर, भला पण गोंधळलेला माणूस. तो निघून गेल्यावर आला मॉर्ट मेट्झगर. हा न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यातला. शांत आयुष्य पाहिजे म्हणून खेड्यात बदलून आला आणि इथं येऊन बघतो तर मुडदे थांबायचं नाव घेईनात. त्याच्या तोंडून लेखकांनी ही तक्रार वदवूनही घेतली, म्हणजे मीम आपण आत्ता केले असले तरी विनोद मूळ लेखकांनाच आधी सुचला होता.

छोट्या गावात अशक्य वाटावेत इतके खून होण्याला इंग्रजीत 'केबट कोव्ह सिंड्रोम' असं नावच पडलं आहे. रहस्यमालिकांवर लिहिणारे हा शब्द सर्रास वापरतात. प्रत्यक्षात मालिकेतले बहुतेक खून गावाबाहेर होतात. 1991 ला आठवा सीझन सुरू झाला तेव्हा जेसिकाला न्यूयॉर्कमध्ये घर देऊन, तिथल्या विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकवायला पाठवलं गेलं. त्यातून गावातल्या लोकसंख्येलाही जरा उसंत मिळाली.

आणि हे गाव मेनमध्ये नव्हतंच. गावाच्या बाहेरच्या दृश्यांचं शूटिंग झालं ते देशाच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो गावात. तिथलं ब्लेअर हाऊस नावाचं जुनं लाकडी घर जेसिकाचं घर म्हणून दाखवलं जायचं. बाकीचं बरंच काम युनिव्हर्सल स्टुडिओत झालं. 'जॉज'च्या शार्कसाठी वापरलेलं स्टुडिओतलं तळंच केबट कोव्हचं बंदर झालं.

58 व्या वर्षी सुरुवात करणारी नायिका

लॅन्सबरी यांचा जन्म 1925 चा, लंडनचा. किशोरवयातच हॉलिवूडला आल्या आणि पहिल्याच सिनेमासाठी, 'गॅसलाइट'साठी, ऑस्करचं नामांकन मिळालं. पण हॉलिवूडनं त्यांना नायिका कधी मानलंच नाही. कायम वयानं मोठ्या, खडूस बायकांची कामं दिली. 1962 च्या 'द मंचुरियन कँडिडेट'मध्ये त्या लॉरेन्स हार्वीच्या आई झाल्या. तेव्हा हार्वी त्यांच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी लहान होते. आपली उंची त्यांनी ब्रॉडवेच्या रंगभूमीवर सिद्ध केली.

मालिका सुरू झाली तेव्हा त्या 58 वर्षांच्या होत्या. आयुष्यभर वयापेक्षा म्हातारं दाखवलेल्या बाईला आता पहिल्यांदाच स्वतःच्याच वयाची मुख्य भूमिका मिळाली. जेसिकाला म्हातारी, विक्षिप्त, विनोदी करायचं नाही, ती साधी, हुशार, व्यवस्थित राहणारी बाई असेल, यावर त्या ठाम होत्या. जेसिकाला प्रियकर देण्यालाही त्यांचा कायम विरोध राहिला.

काम मात्र पिळून काढणारं होतं. एक तासाची मालिका आणि जवळपास प्रत्येक प्रसंगात त्याच. पाच सीझननंतर त्या थकल्या. मग 1989-90 च्या सीझनमध्ये एक पळवाट काढली गेली. काही भागांत जेसिका सुरुवातीला येऊन प्रेक्षकांना गोष्टीची ओळख करून द्यायची आणि खुनी दुसराच कुणीतरी शोधायचा. जुने फॅन हे भाग आजही पुढं ढकलतात.

1992 पासून त्या मालिकेच्या एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर झाल्या. टीव्हीवर साठी ओलांडलेल्या अभिनेत्रीच्या हातात एवढा कारभार असणं तेव्हा दुर्मीळच. हा कारभार त्यांनी कसा केला याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत नट-नट्यांना युनियनकडून आरोग्य विमा मिळतो, पण त्यासाठी वर्षाला ठरावीक कमाई व्हावी लागते. काम मिळालं नाही की विमाही जातो. मॅडलिन ऱ्यू या अभिनेत्रीला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला होता, व्हीलचेअरवर होत्या, आणि काम नसल्यामुळं विमा जायची वेळ आली होती. हे कळल्यावर लॅन्सबरी यांनी त्यांच्यासाठी केबट कोव्हच्या ग्रंथपालाची भूमिका तयार करून घेतली. व्हीलचेअरवर बसूनच करता येईल अशी.

मालिकेत जुन्या जमान्यातले कलाकार पाहुणे म्हणून सतत दिसायचे, ते इतर कुठं दिसत नसत. 1987 च्या एका भागात तर 1949 च्या 'स्ट्रेंज बार्गेन' या सिनेमाची दृश्यं वापरून, त्यातल्याच कलाकारांना 38 वर्षांनी परत आणून ती गोष्ट पूर्ण केली होती.

पुरस्कारांचं म्हणाल तर या भूमिकेसाठी लॅन्सबरी यांना गोल्डन ग्लोब मिळाले, पण एमीचं नामांकन सलग 12 वर्षं मिळालं आणि एमी एकदाही मिळाला नाही.

18 ते 49

आता मूळ भानगड. अमेरिकन टीव्हीचं गणित किती लोक बघतात यावर जेवढं चालतं, त्याहून जास्त कोण बघतं यावर चालतं. जाहिरातदारांना 18 ते 49 वयाचे प्रेक्षक हवे असतात. तरुण माणूस ब्रँड बदलतो, म्हातारा माणूस वर्षानुवर्षं एकच टूथपेस्ट वापरतो, असा त्यामागचा समज. त्यामुळं पन्नाशीपुढच्या प्रेक्षकाला जाहिरातीच्या बाजारात भाव कमी.

'मर्डर, शी रोट' रविवारी रात्री आठला लागायची, '60 मिनिट्स' या बातम्यांच्या कार्यक्रमाच्या पाठोपाठ. पहिल्याच सीझनमध्ये ती पहिल्या दहात गेली आणि अकराव्या सीझनलाही पहिल्या दहातच होती. 1993 मध्ये त्याच वेळेला एबीसीनं सुपरमॅनवरची 'लुईस अँड क्लार्क' आणली. तिला प्रेक्षक जेसिकापेक्षा कमी होते, पण प्रेक्षक तरुण म्हणून जाहिरातीचा दर जास्त. म्हणजे घराघरांत हरलेली मालिका बाजारात जिंकत होती.

1995 मध्ये सीबीएसनं निर्णय घेतला. तरुण प्रेक्षक आणायचे म्हणून रविवारची जागा विनोदी मालिकांना दिली आणि 'मर्डर, शी रोट'ला गुरुवारी रात्री आठला हलवलं. गुरुवारी आठला समोर एनबीसीवर काय होतं? 'फ्रेंड्स'. ज्यांना 'फ्रेंड्स' म्हणजे काय हे माहीत आहे त्यांना निकालही माहीत आहे. पहिल्या दहातली मालिका घसरून पन्नासच्याही बाहेर गेली.

लेखकांनी मात्र जाता जाता हिशोब चुकता केला. त्या शेवटच्या सीझनमध्ये 'मर्डर अमंग फ्रेंड्स' नावाचा एक भाग आला. त्यात सहा तरुण मित्रमैत्रिणींची 'बड्स' नावाची एक लोकप्रिय टीव्ही मालिका आहे आणि तिच्याच सेटवर खून पडतो. नाव बदललं असलं तरी टोमणा कुणाला होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

शेवटचे काही भाग चॅनेलनं परत रविवारी दाखवले. 19 मे 1996 च्या अखेरच्या भागाची गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रेडिओ स्टेशनची आहे. तरुण श्रोते पाहिजेत म्हणून मालक स्टेशनचा सगळा बाज बदलायला निघतो, आणि त्यातून खून होतो. त्या भागाचं नाव होतं 'डेथ बाय डेमोग्राफिक्स'. म्हणजे प्रेक्षकांच्या वयोगटानं घेतलेला बळी.

नंतर काय झालं?

1997 ते 2003 या काळात चार टीव्ही फिल्म आल्या. कादंबऱ्या तर 1989 पासून सुरूच होत्या, आणि त्यांच्या मुखपृष्ठावर लेखिका म्हणून चक्क जेसिका फ्लेचरचं नाव छापतात, सोबत खऱ्या लेखकाचं. सुरुवातीची बरीच वर्षं त्या डोनाल्ड बेन यांनी लिहिल्या. पहिल्याच कादंबरीत त्यांनी जेसिकाला कार चालवताना दाखवलं आणि वाचकांनी त्यांना धारेवर धरलं. पुढच्या आवृत्तीत ती चूक दुरुस्त करावी लागली. 2017 मध्ये बेन वारले, पण कादंबऱ्या थांबल्या नाहीत. आकडा पन्नासच्या बराच पुढं गेलाय.

2013 मध्ये एनबीसीनं ऑक्टाव्हिया स्पेन्सर यांना घेऊन त्याच नावाची नवी मालिका करायचं ठरवलं होतं. जुनं नाव वापरणं चूक आहे असं लॅन्सबरी यांनी उघडपणे सांगितलं, आणि पुढच्या वर्षी तो बेत बारगळला. आता जेमी ली कर्टिस जेसिका होणार अशा सिनेमाची तयारी चालू आहे.

11 ऑक्टोबर 2022 ला, 97 वा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, लॅन्सबरी गेल्या. त्यानंतर काही आठवड्यांतच 'ग्लास अनियन' हा रहस्यपट आला. त्यात लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेला डिटेक्टिव्ह बन्वा ब्लां बाथटबमध्ये बसून ऑनलाइन गेम खेळताना दिसतो. व्हिडिओ कॉलवर समोर असलेल्या मोजक्या चेहऱ्यांत एक चेहरा लॅन्सबरींचा आहे. गेम असतो 'अमंग अस', म्हणजे आपल्यात लपलेला खुनी शोधायचा.